नऊ व्होल्टची हाळी

हिंगोली
१८ सप्टेंबर १९९९

चि. बजरंग यास अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्या पाकिटानं काल एका निरपराध माणसाचं रक्त सांडलं. आमच्या गल्लीत टपाल वाटणारा गृहस्थ सालस, नेमस्त, पेन्शनीला टेकलेला. त्यानं पाकीट नेहमीसारखं चिमटीत धरलं आणि तू आत मोकळे कोंबलेले दहा ट्रान्झिस्टर, दर नगास चार पाय या हिशेबानं, त्याच्या अंगठ्यात घुसले. त्याला ओट्यावर बसवला, हळद लावली, चहा पाजला. एका चहानं अंगठा थांबला, माणूस थांबला नाही. दुसरा चहा फुंकत तो म्हणाला, "साहेब, टपालानं साळिंदर मागवलं का?" कचेरीत हेडक्लार्क असलेल्या माणसाला हा प्रश्न स्वतःच्या दारात, शेजारपाजार बघत असताना ऐकावा लागला. वर पाकिटाला मेंढरांचा वास. तू रेडिओचा डिप्लोमा टपालानंच मिळवलास ना? मग निदान टपाल खात्याशी तरी कृतज्ञ राहा.

असो. मामीच्या, तुझ्या आईच्या, घशातली गाठ काढायची आहे, दिवाळीनंतर नांदेडला ऑपरेशन, आणि नंतर आवाज परत येईलच असं नाही, हे सुकन्यानं रडत सांगितलं. मामीची मेंढरं फक्त मामीच्या हाळीला येतात हे मला ठाऊक आहे. तुझ्या हाळीला येत नाहीत हेही ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मी मेंढरांना दोष देत नाही. हाळी गेली की कळप सांभाळता येणार नाही, मग विकावा लागेल, आणि कळप विकला की मामीला नुसतं भिंतीकडं बघत बसावं लागेल. म्हणून हाळी कॅसेटात भरून शिवारात भोंग्यावर वाजवायची ही तुझी कल्पना तुझ्या मानानं बरी आहे. बरी म्हणतोय. चांगली म्हणायला अजून वेळ आहे.

आता नीट वाच. तुझ्याकडचा तो जुना क्रिस्टल माईक फार अशक्त प्रकृतीचा. त्याच्यापुढं साधा ट्रान्झिस्टर ठेवला तर तो माईकचं सगळं पिऊन टाकतो आणि मागं नुसती किरकिर उरते. एफईटी, म्हणजे तू पाठवलेल्या जातीचा ट्रान्झिस्टर, तसा नाही. तो ताटाला हात लावत नाही, नुसत्या वासावर काम करतो. सासरी जावयानं कसं राहावं याचा नमुना म्हणजे एफईटी. मामाची पोरगी केली त्या दिवसापासून मी तसाच राहत आलोय, तरी मामीची बोलणी चुकली नाहीत.

तुझे दहाही नग मी मोजले. गेट आणि सोर्स हे दोन पाय एकत्र बांधायचे, नऊ व्होल्टची बॅटरी द्यायची आणि मीटरवर करंट बघायचा. अंगावर सगळ्यांच्या नंबर एकच, बीएफडब्ल्यू दहा. दुकान एक, डबी एक. पण एक नऊ मिलिअँपवर गप होतो आणि दुसरा सतरा ओढतो. सख्खी भावंडं. तू आणि सुकन्या डोळ्यांपुढं आलात.

नऊवाला एक सोबत परत पाठवतोय, पुठ्ठ्यात खोचून. सर्किटही काढून दिलंय. जसं आहे तसं बांध. सुधारणा करू नकोस.

तुझा दाजी
विश्वंभर


वारंगा फाटा
२९ सप्टेंबर

ती. दाजींना बजरंगचा साष्टांग नमस्कार.

पोस्टमनदादाला तकलीफ झाली, वाईट वाटलं. पण दाजी, मेंढराचा वास तुमाला काहून लागला? तुमचे आबा जन्मभर मेंढरामागंच हिंडले. तुमच्या लग्नातल्या कोटाला पण तोच वास होता. फोटोत वास येत न्हाई, हे तुमचं नशीब.

सर्किट एका डब्यात बांधलं. गेटापाशी तुमी दोन मेगचा रेझिस्टर लिहिला. वारंगा फाट्यावर ट्रकचं टायर मिळतं, भजी मिळते, मेग मिळत न्हाई. म्हणून घरात होता तो सत्तेचाळीस के लावला. साध्या ट्रान्झिस्टरला मी कायम तोच लावतो, आजवर कोणाची बोंब न्हाई आली.

आईला बसवलं. तिनं हाळी दिली, कॅसेटात भरली, भोंगा बाभळीला टांगला आन माईकच्या जागी टेपाची वायर त्याच डब्यात घालून वाजवली. आवाज आला, पण आईचा न्हाई. जत्रेतल्या पिपाणीचा. मेंढरानं मुंडी पण वर केली न्हाई. एक शेळी बघून राहिली होती, पण शेळी काय, कोणाकडं पण बघते. आई म्हणाली, "ही मी व्हय? मी अशी चिरकत असते तर तुझा बाप लग्नाच्या दुसऱ्या दिशीच परागंदा झाला असता." मग म्हणाली, "तुझ्या दाजीला सांग, कचेरीतले कागद बराबर लावत जा म्हणावं, माझा गळा लावू नको."

काय चुकलं ते लिहा. शिव्या द्यायच्या तर दोन ओळीत द्या. तुमचं अक्षर लागत न्हाई आन मग मला शिव्या दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागतात.

तुमचा
बजरंग


हिंगोली
६ ऑक्टोबर

चि. बजरंग,

दोन ओळी मागितल्यास, एकीत भागतं. तू गाढव आहेस.

आता पुढचं. गेटापाशी जो रेझिस्टर बसतो तो माईकच्या पाठीवरचं ओझं, आणि रेझिस्टर जितका लहान तितकं ओझं जड. दोन मेग म्हणजे पाठीवर माशी बसली. सत्तेचाळीस के म्हणजे चार दिवसांच्या कोकरावर ज्वारीचं पोतं. मामीच्या आवाजातला खालचा, भरीव भाग त्या पोत्याखाली गुदमरला आणि वरची किरकिर तेवढी निसटली. एफईटी आणायचा आणि त्याच्या दारात सत्तेचाळीस के बसवायचा, म्हणजे बोलका पोपट आणून त्याची चोच बांधायची.

दोन मेग इथून पाठवतोय. बाकीचे नऊ एफईटीही घे, मला तुझा माल ठेवायचा नाही. दोन काडेपेट्या केल्यात. एकीत नऊ-दहा मिलिअँपवाले, ते समाधानी. दुसरीत पंधरा-सतरावाले, ते अधाशी. कोणता घ्यायचा हे सांगायची गरज आहे असं मला वाटत नाही. एफईटीला सोल्डर मारू नकोस, सॉकेटात बसव, म्हणजे काढता-घालता येईल. सोर्सला मी लिहिलेला रेझिस्टर ठेव. मग ड्रेनवर, म्हणजे तिसऱ्या पायावर, मीटर लाव. बॅटरीच्या निम्म्याहून थोडं वर, पाचच्या आसपास दिसलं की तब्येत ठीक. डॉक्टर नाडी बघतो तसं समज. तुझ्या डिप्लोम्यात नाडीचा धडा कुठल्या पाकिटातून येणार होता आणि का आला नाही, ते तुलाच माहीत.

मामीला सांग, कचेरीतले कागद मी बरोबरच लावतो. ते उलटून बोलत नाहीत.

विश्वंभर


वारंगा फाटा
२२ ऑक्टोबर

ती. दाजी,

वाईट झालं. आधीच सांगतो, म्हणजे तुमी खाली बसून वाचाल.

मी अधाशातला घातला. कारण सांगतो, हसू नका. आपल्यात एडका निवडायचा तर सगळ्यात दांडगा निवडतात का रोडका? सतरा मिलिअँपवाला सगळ्यात दांडगा. मला वाटलं, तुमी समाधानी-अधाशी लिहून माझी परीक्षा घेऊन राहिलात. आईनं पण काडेपेट्या बघितल्या, म्हणाली, "जो जास्ती खातो तोच जास्ती चालतो, ह्यो घाल." ड्रेनवर तीन-सव्वातीन दिसत होते. मला वाटलं, मीटरची बॅटरी उतरली.

संध्याकाळी कळप वाघुरीच्या जाळीत घालायच्या येळंला भोंगा लावला. दाजी, भोंग्यातून जे निघालं ते माणसाचं न्हवतं. पत्रा फाडावा तसा आवाज. आईच्या हाळीत वाघ शिरला असं समजा. सगळा कळप दांडीवरून उड्या मारून नाल्याकडं पळाला. एक गाभण मेंढी लंगडून राहिली आहे. आई हाळी देऊन देऊन त्यांना माघारी आणेपर्यंत घसा धरून खालीच बसली. डॉक्टरनं बोलू नको म्हटलेलं, आन माझ्यामुळं ती अर्धा कोस वरडत गेली.

आता घरात कोणी माझ्याशी बोलत न्हाई. आई तर मेंढीशी बोलते आन मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं बोलते.

बजरंग


हिंगोली
२७ ऑक्टोबर

बजरंग,

एडका निवडण्याच्या रीतीनं ट्रान्झिस्टर निवडणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच निघाला आणि तो माझ्या बायकोचा भाऊ निघाला. या योगायोगाबद्दल मी कोणाकडं दाद मागू?

नऊ व्होल्ट म्हणजे लहान घर. त्यात सतरा मिलिअँपचा पाहुणा उतरला की तो हातपाय पसरतो, आणि मामीच्या आवाजाला उठायला-बसायला जागा उरत नाही. उठायला गेला की डोकं आढ्याला, बसायला गेला की गुडघे जमिनीला. म्हणून तो फाटतो. ड्रेनवरचे तीन व्होल्ट तुला हेच ओरडून सांगत होते. मीटर चांगला आहे. बॅटरी उतरली आहे ती दुसरीकडं, मानेच्या वर.

समाधानी काडेपेटीतला घाल. मामीला दोन आठवडे बोलू देऊ नकोस. दिवाळीच्या पाडव्यानंतर एकदाच, ताज्या घशानं, हाळी भरून घे. एकदाच. तिच्या घशात आता तुझ्या प्रयोगांना पुरेल इतका माल उरलेला नाही.

विश्वंभर


वारंगा फाटा
१४ नोव्हेंबर

ती. दाजींना साष्टांग नमस्कार.

जमलं! ड्रेनवर पाच, बराबर पाच. काल पहाटे आईनं हाळी दिली, तीन डाव. हाऽऽर्र ये, ये, येऽऽ. भरली. संध्याकाळी आईला बाभळीआड घोंगडी पांघरून बसवली, मेंढराला दिसू नये म्हणून. भोंगा मी तिकडं दूर बांधावर ठेवला आन बटण दाबलं.

दाजी, सगळी मुंडकी एकदम वर! मग निघाली ती सरळ भोंग्याकडं. लंगडी पण निघाली. भोंग्याभोवती गोल करून हुंगत उभी राहिली. मी नाचलो. आई घोंगडीतून बघून राहिली होती. मी म्हणलं, आई, तुझा गळा अमर झाला. तर उठून भाकरी थापायला गेली. घशानं बोलायचं न्हाई म्हणून असंल.

आता दोन-तीन गोष्टी इचारायच्या. एक, हा डबा दुसऱ्या कोणी धरला, परक्या माणसानं, तरी मेंढरं येतील का? दोन, चालता चालता वाजवता येईल का, म्हंजे रोज आठ-दहा कोस? तीन, कॅसेटची नक्कल काढली तर आवाज तसाच राहतो का? सावकाश पण नक्की लिहा. तुमच्या सहीनं लिहा.

तुमचा
बजरंग


हिंगोली
१८ नोव्हेंबर

चि. बजरंग,

अभिनंदन. हा शब्द तुझ्यासाठी मी पहिल्यांदाच वापरतोय, म्हणून अक्षर थोडं हललंय.

प्रश्न तुझ्या मानानं शहाण्यासारखे आहेत. लेकरू शोधक होऊ लागलं म्हणायचं. तर उत्तरं. मेंढरू माणूस ओळखत नाही, आवाज ओळखतं. उद्या हा डबा घेऊन वाटेवरचा कोणीही उपटसुंभ चालू लागला तरी कळप त्याच्या मागं जाईल, याची मी हमी देतो. बॅटरी खिशात वागवली तर दहा कोसच काय, तेलंगणापर्यंत जाशील. नक्कल चांगल्या टेपवर काढ, फरक मेंढराला काय, तुलाही कळणार नाही, आणि दोघांत तूच जरा मागं आहेस.

ऑपरेशन बावीसला. सुकन्या उद्याच्या गाडीनं निघते, मामी उठबस करीपर्यंत तिकडंच राहील. मी इथं स्वतःच्या हातचा भात खाईन. या त्यागाची कुठं नोंद होत नाही.

विश्वंभर पां. हाके
हेडक्लार्क


वारंगा फाटा, मुक्काम माहेर
१२ डिसेंबर

अहो, ऐकलं का?

आईचं ऑपरेशन बरं झालं, गाठ साधी निघाली, हे मी फाट्यावरच्या फोनवरून सांगितलंच होतं. टाके निघाले. आवाज मात्र गेला. बोलायला गेली की कागदावर कागद घासल्यासारखं होतं, तेही कान तोंडाला लावला तर.

आता जे लिहिते ते नीट वाचा. मंगळवारी, म्हणजे एकवीस तारखेला, आदिलाबादकडचा एक बेपारी मेंढरं बघायला येऊन राहिलाय. बजरंगनं सगळा कळप द्यायचं ठरवलंय. तो बेपारी पयले नको म्हणाला होता, हा कळप म्हातारीच्या मागं जातो, मी चार दिवसांची वाट कसा हाकू, म्हणाला. तर बजरंगनं त्याला डबा दाखवला. डबा आणि कॅसेट सकट कळप. आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. "माझे दाजी हेडक्लार्क हायेत, सहीनिशी हमी दिली आहे." त्या बेपाऱ्यानं पत्र हातात घेऊन सही पण बघितली.

तुम्ही काय काय लिहून देता हो? कचेरीत तरी असंच करता का?

बजरंग वाईट न्हाई. त्याला फाट्यावर झेरॉक्सचं मशीन टाकायचंय, आणि आईनं आता उन्हात हिंडू नये हेही त्याला खरंच वाटतं. पण आईला कोणी इचारलं न्हाई. मी इचारलं. तिनं घोंगडी डोक्यावरून घेतली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. दोन दिवस कण्या पण धड पीत न्हाई. काल बोटानं मला जवळ बोलावलं, माझा कान तोंडाला लावला आणि म्हणाली, "माझ्याच तोंडानं माझी मेंढरं नेऊन राहिले."

तुमच्याबद्दल पण एक म्हणाली. ते पत्रात लिहिण्यासारखं न्हाई. भेटल्यावर सांगते.

सुकन्या


हिंगोली
१५ डिसेंबर

सौ. सुकन्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मी जगाला मूर्ख ठरवत होतो तेव्हा तुझा भाऊ माझ्याकडून विक्रीचा दाखला लिहून घेत होता. आमच्या कचेरीत असलं काम करणाऱ्याला बढती मिळते.

बजरंगला समजावून उपयोग नाही. मी समजावायला लागलो की तो ऐकायचं सोडून माझ्या आबांचा वास काढतो. आणि माझी हमी मी आता कोणत्या तोंडानं मागं घेऊ? बेपाऱ्याला ती सही दिसली आहे, तर तिला खोटं पडू दे.

मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. कोणी विचारलं तर तुला न्यायला आलो. बजरंग दुपारपर्यंत फाट्यावर, रेडिओदुरुस्तीच्या दुकानात असेल. डबा आतल्या खोलीत ठेव, शेजारी त्याची ती अधाशी काडेपेटीही असू दे. सॉकेटातला चांगला एफईटी उपसून अधाशी बसवायला चहाला आधण येईपर्यंतचा वेळ पुरे. चांगला माझ्या खिशात राहील. पुढं मंगळवारी काय होईल ते ऑक्टोबरात त्या नाल्यानं पाहिलंय. फक्त त्या लंगडीला आणि गाभण्यांना त्या दिवशी घरी बांधून ठेवतील अशी सोय निघण्याआधी लावून ठेव. कारण काहीही सांग, तुला कारणं सुचतात.

हा दगा आहे, हे मला कळतं. तुझ्या भावाच्या डब्यात हात घालणार आहे आणि त्याला सांगणार नाही. पण मामीच्या गळ्याला कोण्या परक्याच्या दावणीला मीच बांधलंय. ते मलाच सोडवलं पाहिजे. मामीला काही सांगू नकोस. तिच्या तोंडातून आता काही बाहेर पडणार नाही हे खरं, पण तिचे डोळे फार बोलतात.

विश्वंभर


वारंगा फाटा
२३ डिसेंबर

दाजी,

सुकन्याअक्का तुमच्यासंगं रविवारी गेली म्हणून तिला हे कळलं नसंल. लिहितो.

मंगळवारी बेपारी आला. संगं दोन गडी. मी भोंगा बांधावर ठेवला, त्याच्याच गड्याच्या हातात डबा दिला आन म्हणलं, आता बघा हेडक्लार्कची करामत. गड्यानं बटण दाबलं. तोच पत्रा फाडायचा आवाज. ऑक्टोबरातला वाघ. कळप असा उधळला की बेपाऱ्याचं धोतर पण संगं गेलं म्हणा. सगळी शेजारच्या अमृतरावाच्या हरभऱ्यात. मी पळालो, गडी पळाले. आमी जितकं पळावं तितकी ती पुढं. अमृतराव काठी घेऊन निघाला, "हरभरा भरून दे न्हाईतर मेंढरं कोंडवाड्यात," म्हणू लागला.

तवा आई आली. घोंगडी, हातात काठी, गळ्याला अजून पट्टी. मला वाटलं आता ही वरडायला बघंल आन टाका उसवंल. तिनं काहीच केलं न्हाई. हरभऱ्याच्या कडंच्या बांधावर जाऊन खाली बसली. कळपाकडं पाठ करून. काठी मांडीवर आडवी. लहानपणी बाबा पण असंच करायचे, मी इसरलो होतो. भेदरलेल्या कळपामागं पळू नये, बसावं.

पयले ती म्हातारी शिंगवाली मेंढी आली. मग चार. मग सगळा कळप येऊन तिच्याभोवती बसला. आवाज न्हाई, काही न्हाई. अमृतराव पण काठी खाली टाकून बघत राहिला. बेपारी पागोटं झटकत म्हणाला, "मेंढरं तुमची न्हाईत, म्हातारीची हायेत. म्हातारी विकता का, बोला." मी त्याला मारणार होतो. पण आई हसली दाजी. ऑपरेशनापासून पयल्यांदा. आवाज न येता हसली, अख्खी हलली. बेपारी गेला. दुसरा येणार न्हाई, त्यानं फाट्यावर चहा पिता पिता सगळ्याला सांगितलं.

तीन महिने आपण दोघं आवाज मोजत बसलो. तुमचा पाच व्होल्टवाला गोड आवाज आन माझा फाटका, दोनी गेले चुलीत. ती गप बसली आन कळप आला. झेरॉक्सवाल्याला मी न्हाई म्हणून कळवलं. कॅसेट आईच्या उशाला ठेवून आलो. तिनं मागितली न्हवती. उचलून ट्रंकेत टाकली तिनं, वर साडी ठेवली. काल मी कळपामागं गेलतो तिच्या संगं. बसायचं कसं ते दाखवून राहिली आहे. मला बसता पण येत न्हाई, म्हणते, डोळ्यांनी.

एक गोष्ट. डबा शनिवारपर्यंत बराबर होता. शनिवारी संध्याकाळी मी वाजवून बघितलेला. रविवारी तुमी आलते. मी डबा अजून उघडला न्हाई, आन मी काही म्हणत पण न्हाई.

बजरंग


हिंगोली
२ जानेवारी २०००

चि. बजरंग यास आशीर्वाद.

नवीन सन लागला. जगातली सगळी यंत्रं बंद पडणार असं कचेरीत सगळे सांगत होते. आमच्या कचेरीत यंत्र एकच, पंखा, आणि तो गेल्या चैत्रापासूनच बंद आहे. तेव्हा इथं काही बुडालं नाही.

अमृतरावाच्या हरभऱ्याबद्दल वाईट वाटलं. पण ज्या माणसानं आयुष्यात दोनदा माझ्या मामाचा, तुझ्या बापाचा, बांध कोरला त्याचा हरभरा मेंढरांनी खाल्ला, तर मी रडणार नाही. तू बसायला शिकतोयस हे चांगलं. पळण्यापेक्षा तुला ते जमेल, तुझी ठेवण तशीच आहे.

मामी माझ्याबद्दल जे म्हणाली ते सुकन्यानं गाडीतच सांगितलं, पुढच्या बाकावरची बाई वळून बघेल इतक्या मोठ्यानं. भाषा मामीची, मजकूर बरोबर. तिला सांग, संक्रांतीला येतो. तिळगूळ देईल तेव्हा गोड बोल असं तिला म्हणायची सोय आता राहिली नाही, तेव्हा मीच गप बसेन. तिच्यासारखं जमतंय का बघतो.

रविवारबद्दल तू काही म्हणत नाहीस. मीही काही लिहीत नाही.

पाकिटात एक पुडी आहे. साडेनऊ मिलिअँपचा आहे. तुझाच आहे. डबा उघडशील तेव्हा बसव.

विश्वंभर